जुन्या पिच्चरमधली अ‍ॅक्टिंग ओव्हर का वाटते भो?

जानेवारी महिन्यात आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीत पार्टी असतेच, काड्यांवर वांगी भाजायची, मिरची-लसूण ठेचायचं, सोबत कळण्याची पुरी, आणि वांगी भाजून सोलून होईपर्यंत दोन तास नुसत्या गप्पा. यंदा त्या गप्पांची गाडी जुन्या पिच्चरवर गेली आणि भांडणच लागलं. माझा भाचा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणाला की मामा जुने पिच्चर मला बघवतच नाहीत, सगळेच ओव्हर करतात, साधं पाणी मागायचं तरी छातीवर हात ठेवून मागतात. झालं. माझे मोठे मामा शेजारीच बसलेले, अमळनेरकडचे, पक्के अहिराणी माणूस, तरुणपणी तीन-चार सीझन टुरिंग टॉकीजमध्ये, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तंबूच्या थेटरात, ऑपरेटरच्या हाताखाली काम केलेले. ते हातातलं वांगं तसंच ठेवून म्हणाले, "तुले काय समजस रे?" आणि मग जेवण होईपर्यंत पोऱ्याशी बोललेच नाहीत.

दोघं आपापल्या जागी थोडे बरोबर आणि थोडे चूक आहेत असं मला वाटलं, पण तिथे धुरात बसून समजावणं जमलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितोय. जुन्या नटांची तुलना करताना आपण सगळे एक गडबड करतो. आपण आज मोबाइलवर, तोंडापासून एक फुटावर, हेडफोन लावून पिच्चर बघतो आणि जे काम दोनशे फुटांवरच्या माणसासाठी केलेलं होतं त्याला म्हणतो किती ओरडतो हा.

अ‍ॅक्टिंगची साइज शेवटच्या रांगेतल्या माणसावरून ठरते. यात्रेतला तमाशा घ्या, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत म्हणा नाहीतर मुक्ताईच्या यात्रेत म्हणा, उघड्यावर हजारो माणूस बसलेला, लांब पाळण्यांचा आवाज, कुठे पोरगं रडतंय. तिथे सोंगाड्याने भुवई थोडीशी उचलली तर दिसणार कोणाला? तो आख्खं अंग उचलतो, आवाज टाळूतून काढतो, एकच गोष्ट दोनदा बोलतो. त्याला आपण ओव्हर म्हणत नाही कारण आपण तिथे मातीत बसलेलो असतो. तोच माणूस कॅमेऱ्यासमोर उभा केला की भिंग त्याला आपल्या नाकासमोर आणून ठेवतं आणि तेवढीच ताकद मग अंगावर येते.

आता सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर उभं राहणारी सगळी मंडळी आली कुठून, तर याच रंगमंचावरून. आणि काही तर तिथूनही नाही. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ चा, तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके नावाचा माणूस घेतला, जो त्याआधी खानावळीत काम करायचा. चार वर्षांनी लंकादहनमध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामं केली. पिच्चर मुका, त्यामुळे राग, लाज, भूक, भक्ती सगळं हातांनी आणि डोळ्यांनी सांगायचं, मधेमधे पाटी येणार पण पाटी वाचता येणारे प्रेक्षक किती? मग हातवारे मोठे होणारच.

इथे एक मशीनची गंमत पण आहे. मुके पिच्चर साधारण सेकंदाला सोळा ते अठरा फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, या वेगाने काढायचे, तेही हाताने हँडल फिरवून. बोलपट आल्यावर वेग चोवीस फ्रेमचा ठरला. जुनी रिळं नंतर चोवीसच्या मशीनवर चालवली की सगळी माणसं मुंग्यांसारखी तुरूतुरू पळायला लागतात, आणि आपण हसतो की काय वेड्यासारखं चालू राहिले हे लोक. ते बिचारे नीटच चालत होते, पळवलं आपल्या मशीनने.

मग १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक थेटरात आलम आरा लागला आणि पिच्चर बोलायला लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा आला, मराठीतला पहिला बोलपट, दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे. तुम्ही म्हणाल आता बोलता येतंय तर अ‍ॅक्टिंग नॉर्मल झाली असेल, पण झालं उलटंच. माइक आला आणि माणूस खांबाला बांधल्यासारखा झाला, कारण तेव्हाचे माइक कमजोर होते, झाडाआड नाहीतर फुलदाणीत कुठेतरी लपवलेले असायचे, त्यांच्यापासून लांब गेलं की आवाज गेला. कॅमेऱ्याची स्वतःची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून तो झाकावा लागायचा, म्हणजे तोही जड झाला, हलेना. गाणं सुद्धा जागेवर, कॅमेरा चालू असताना, वाजवणारे फ्रेमच्या बाहेर बसलेले आणि नट गाता गाता अ‍ॅक्टिंग करतोय. प्लेबॅकची सोय १९३५ नंतर हळूहळू रुळली. तोपर्यंत नट निवडताना आधी गळा बघायचे आणि चेहरा नंतर, म्हणून संगीत नाटकवाल्यांचं फावलं, आणि म्हणून त्या पिच्चरमध्ये लोक एकेक शब्द सुटा सुटा, पाठ केल्यासारखा बोलतात. ती त्या माइकची भाषा आहे. लँडलाइनवर ट्रंककॉल लागला की आपले आजोबा कसे ओरडून आणि सावकाश बोलायचे, तसंच समजा.

पण भाच्याने लगेच म्हणू नये की म्हणजे मी बरोबर, तेव्हाचं सगळं ओव्हर होतं. १९३६ चा संत तुकाराम बघ म्हणावं. विष्णुपंत पागनीस नाटकात स्त्रीपार्ट करणारे, म्हणजे सगळ्यात नाटकी असायला पाहिजेत, पण त्या पिच्चरमध्ये माणूस काहीच करत नाही असं वाटतं. नुसता बसतो, हसतो, चालतो. आणि त्यांच्यासमोर जिजाईचं काम करणारी गौरी, ती देवळात जाऊन विठोबालाच फैलावर घेते, तिचा आवाज, तिचा राग, कमरेवरचा हात, सगळं आपल्या गावातल्या बाईसारखं. एकाच पिच्चरमध्ये एक जण शांत, एक जण फटाका, आणि दोघं खरे वाटतात. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, तिथल्या कोणाला तुकाराम माहीत होते?

इथे मला आपल्याच नाट्यशास्त्रातले दोन शब्द फार कामाचे वाटतात, घाबरू नका, सोपे आहेत. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनीने म्हटलंय की सादर करण्याच्या दोन रीती असतात, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोकधर्मी म्हणजे लोक वागतात तसं, नाट्यधर्मी म्हणजे ठरवून सजवलेलं, जसं तमाशात 'आता मी मथुरेला चालले' म्हणून गवळण एक गिरकी घेते आणि मथुरा येते. दोन्हीत चांगलं-वाईट असतं. आपला घोळ असा होतो की नाट्यधर्मी कामाला आपण लोकधर्मीची पट्टी लावतो आणि म्हणतो खोटं वाटतं. दादा कोंडके घ्या, लोकनाट्यातून आलेला माणूस, १९७१ च्या सोंगाड्यात तो जे करतो ते कोणीच घरी करत नाही, पण टायमिंग बघा, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्याला नॅचरल नाही म्हणणं म्हणजे वांग्याच्या भरताला कालवण नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे.

त्याच ग्रंथात अभिनयाचे चार भाग सांगितलेत आणि वाद घालताना हे चार वेगळे केले ना तर अर्धी भांडणं मिटतील. आंगिक म्हणजे शरीर, वाचिक म्हणजे बोलणं, आहार्य म्हणजे कपडे-मेकअप-दागिने, आणि सात्त्विक म्हणजे आतून येतं ते, घाम फुटणं, काटा येणं, आवाज फाटणं, चेहऱ्याचा रंग उडणं. आपण जेव्हा म्हणतो 'काय अ‍ॅक्टिंग केली राव' तेव्हा नेमकं कशाबद्दल बोलतोय तेच आपल्याला माहीत नसतं. पिंजरा आठवा, १९७२ चा. श्रीराम लागूंचा मास्तर सुरुवातीला पांढऱ्याशुभ्र कपड्यात ताठ आणि शेवटी तमाशाच्या फडावर पार उतरलेला, तर कपडे बदलले हे झालं आहार्य, ते काम दुसऱ्या कोणाचं. पाठीचा कणा हळूहळू वाकत जातो ते आंगिक, ते लागूंचं. हे दोन वेगळं पाहिलं की कळतं डॉक्टर काय करत होते, आणि हो, ते खरेच डॉक्टर होते, कान-नाक-घशाचे.

वाचिकसाठी निळू फुले. माझी मावशी निळू फुले पडद्यावर आले की पदर तोंडाला लावून शिव्या घालायची, आणि मजा अशी की ते कधी ओरडलेच नाहीत. पाटील म्हटल्यावर दुसरा नट मिशीला पीळ देऊन गरजला असता, निळूभाऊ आवाज खाली आणतात, वाक्य मधेच सोडतात, समोरच्याला वाकून ऐकावं लागतं आणि तिथेच तो अडकतो. सामना हा पिच्चर १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, त्यात साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव म्हणजे निळूभाऊ आणि समोर पिऊन असलेला मास्तर म्हणजे लागू. एक माणूस कमी बोलतो, दुसरा जास्त, आणि वजन कोणाचं पडतं ते तुम्हीच बघा. माझं स्पष्ट मत, मराठी पिच्चरमध्ये दोन नटांची इतकी बरोबरीची जुगलबंदी मी तरी दुसरी पाहिली नाही.

आता मामांची बाजू. मामा म्हणाले, तंबूत जनरेटर धडधडतोय, बाया एका बाजूला माणसं एका बाजूला, पडदा वाऱ्याने हलतोय, भोंगा एकच आणि तोही फाटलेला, अशा ठिकाणी हळू बोलणारा नट चालायचाच नाही. लोक ओरडायचे, आवाज. म्हणजे पिच्चर फक्त मुंबई-पुण्याच्या थेटरासाठी नव्हता, पारोळ्याच्या बाजारातल्या तंबूसाठी पण होता आणि बनवणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. आपल्याकडे पिच्चरची पेटी यायची ती पण मोठ्या शहरांत चालून झाल्यावर. भुसावळ हे या वितरणाच्या धंद्याचं ठिकाणच, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या पिच्चरवाल्यांच्या संघटनेचं ऑफिस भुसावळला, कारण वितरणाच्या नकाशात खान्देश हा मुंबईत नाही, सीपी-बेरार सर्किटमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पट्ट्यात येतो, विदर्भाबरोबर. एक हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं, आणि प्रत्येक वेळी तुटलं की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून चिकटवतो. मामा म्हणतात काही पिच्चर आमच्याकडे येईपर्यंत हिरो दारात दिसायचा आणि एकदम खुर्चीत बसलेला असायचा, मधलं चालणं अकोल्यातच राहिलेलं. आता असा तुटका पिच्चर बघून कोणी म्हटलं की नटाचं टायमिंग गेलं, तर दोष कोणाचा? आणि वरून मशीनमधली उजेड देणारी कार्बनची कांडी जळत आली की पडदा अंधारा, डोळ्यांतलं बारीक काही दिसणं शक्यच नाही, दिसणार फक्त हात आणि आवाज.

आज मोबाइलवर जुना पिच्चर बघतो तेव्हा पण हाच प्रकार, फक्त वेगळ्या रूपात. कुठल्यातरी घासलेल्या प्रिंटची व्हिडिओ कॅसेट, तिची सीडी, तिची कॉपी, चेहरे पांढरे सपाट. सावली गेली की अर्धी अ‍ॅक्टिंग गेली. आणि जे शिल्लक आहे त्यातच हे, आलम आराची तर एकही प्रिंट आज उरलेली नाही, त्यातलं काम चांगलं होतं की वाईट हे बघून सांगणारा कोणी नाही. पुण्याचं फिल्म आर्काइव्ह १९६४ ला सुरू झालं, तोवर मुक्या जमान्यातलं बहुतेक गेलेलं होतं.

अजून एक भानगड डबिंगची, आणि ही फार कमी लोकांच्या लक्षात येते. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे बाहेर शूटिंग करायला हलका अ‍ॅरीफ्लेक्स कॅमेरा वापरायचे, तो खांद्यावर घेता यायचा पण आवाज फार करायचा, शिलाई मशीनसारखा. म्हणून जागेवरचा आवाज फक्त संदर्भाला ठेवायचे आणि महिन्यांनी नट अंधाऱ्या खोलीत उभा राहून पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत तेच संवाद पुन्हा बोलायचा. म्हणून त्या काळच्या पिच्चरमध्ये हिरो शेतात शंभर फुटांवर असतो आणि आवाज कानात बोलल्यासारखा येतो, ना वारा ना पाखरं. आपल्याला खोटं वाटतं ते बऱ्याचदा इथून. रडण्याच्या सीनमध्ये चेहरा खरा रडतोय आणि आवाज दोन महिन्यांनंतर चहा पिऊन आलेल्या माणसाचा आहे. २००१ ला लगानने जागेवरच आवाज घेतला आणि त्यानंतर ती पद्धत परत रुळायला लागली. एक करून बघा, जुना सीन आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. कधीकधी चेहरा पास आणि आवाज नापास निघतो, कधी उलटं.

म्युझिकचं पण तेच. रडका सीन आला की सारंगी, व्हिलन आला की ढँण्ण, मग नटाने काय केलं आणि वाद्याने काय केलं हे कसं ओळखायचं? शांताराम बापूंचा १९३७ चा कुंकू यासाठी जरूर बघा, त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, घड्याळाची टकटक, भांडी, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी शांता आपटेंनी केलीय आणि तिला कुठल्याच व्हायोलिनचा आधार नाही. १९३७ चं काम आहे, आणि ती नवऱ्याकडे ज्या नजरेने बघते ना, भाच्याला ओव्हर म्हणायला जागा सापडणार नाही.

आणि एडिटिंगवाला तर सगळ्यात मोठा चोर. १९२० च्या आगेमागे रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि तो तीन वेगवेगळ्या गोष्टींना जोडला, सूपची वाटी, शवपेटीतलं लेकरू, आणि एक बाई. लोक म्हणाले वा, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, इच्छा काय दाखवली. चेहरा एकच होता हो. म्हणजे आपण ज्याला अ‍ॅक्टिंग म्हणून टाळ्या देतो ती बऱ्याचदा कात्रीची असते. म्हणून मी नटाला मार्क देताना कट न होणारे लांब शॉट बघतो, तिथे कोणी वाचवायला येत नाही.

तुलना करायची तर एकच गोष्ट दोनदा बनलेली बरी. हिंदी देवदास १९३५-३६ चा सैगलचा आणि १९५५ चा दिलीपकुमारचा, आणि मधला दुवा असा की पहिल्याचा कॅमेरा बिमल रॉय यांनी धरला होता आणि दुसरा त्यांनीच दिग्दर्शित केला. सैगल गातो म्हणून देवदास आहे, दिलीपकुमार गप्प राहतो म्हणून. वीस वर्षांत माइक सुधारला, गाणं दुसऱ्या गळ्यातून यायला लागलं आणि नटाला कुजबुजायची परवानगी मिळाली, एवढा फरक तर दिसतोच. याच्या पुढे कोण मोठा यावर मामा आणि त्यांचा एक मित्र तीस वर्षं भांडतायत, त्यात मी पडत नाही.

मग आमचा हक्काचा पत्ता. स्मिता पाटील. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे माणूस आपलं, हे आम्ही खान्देशात प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी सांगतोच. सगळे उंबरठा नाहीतर जैत रे जैतबद्दल बोलतात पण या वादासाठी मी भाच्याला १९७७ चा भूमिका बघ म्हणालो. श्याम बेनेगलांचा पिच्चर, हंसा वाडकरांच्या सांगत्ये ऐका या आत्मकथेवर बेतलेला, म्हणजे जुन्या जमान्यातल्या नटीची गोष्ट. त्यात स्मिता नटीचं घरचं आयुष्य करते तेव्हा एकदम साधी, चिडलेली, थकलेली. आणि मधेमधे त्या नटीचे जुने पिच्चर दाखवतात तेव्हा स्मिता जुन्या पद्धतीने, मोठे डोळे, मोठे हात, ठसक्यात काम करते. वेगवेगळ्या काळासाठी फिल्म पण वेगळी, कुठे ब्लॅक अँड व्हाइट, कुठे रंगीत. एकाच बाईने एकाच पिच्चरमध्ये दोन्ही रीती करून दाखवल्या, आणि त्यावर राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ओव्हर ही चूक असती तर तिला ती मुद्दाम इतकी नेमकी करता आली नसती. आणि हंसाबाईंचा स्वतःचा १९५९ चा सांगत्ये ऐका लगेच त्याच्यामागे बघा, मग कळतं स्मिताने कुठून काय उचललं.

बाकी जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही, मामांनी हे वाचलं तर वाचू देत. रंगून जाऊन मोठं काम करणं वेगळं आणि काही सुचलं नाही म्हणून मोठं काम करणं वेगळं. ऐंशीच्या दशकात तर कित्येक विनोदी पिच्चर निघाले ज्यात नट समोरच्याचं ऐकतच नाही, आपलं वाक्य कधी येतं याची वाट बघत उभा असतो, तोंड वाकडं करून तयार. मला वाईट अ‍ॅक्टिंग ओळखायची हीच खूण वाटते, आवाजाची पट्टी नाही. अशोक सराफांकडे बघा त्याच काळात, धुमधडाका या पिच्चरमध्ये वगैरे, किती आचरटपणा चाललाय पण माणूस समोरच्याचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो आणि मग फुटतो. रडक्या पिच्चरबद्दल पण तसंच, श्यामची आई १९५३ चा, वनमालाबाईंचं बोलणं आज संथ वाटेल, पण त्या पोराचं ऐकतात. आमच्या अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिकवायला होते म्हणून आम्ही जरा पक्षपाती असू, ते मान्य.

परवा रात्री अकराला भाच्याचा फोन. भूमिका बघितला म्हणाला. मी विचारलं कसा वाटला, तर म्हणे, "ते सोड, मामाआजोबा जागे आहेत का, त्यांना विचारायचंय की तंबूत हा लागला होता का." मामा जागेच होते, फोन घेतला, ऐकलं, आणि म्हणाले की नाही, आमच्याकडे पेटीच आली नाही याची, तू आणशील का पुढच्या भरीताला? आता फेब्रुवारीत मळ्यात चादर बांधून प्रोजेक्टर लावायचं ठरलंय, भाचा म्हणतो भूमिका, मामा म्हणतात पिंजरा, आणि मळा ज्याचा आहे तो म्हणतो दादा कोंडके नसेल तर लाइट देत नाही.